कातडीखालचं पाणी

या अंकाचे संपादक एकेकाळी माझ्या व्यायामशाळेत अकरा दिवस आले होते. बाराव्या दिवशी त्यांची पाठ धरली, ती म्हणे अजून सुटलेली नाही. त्यांनी फोन केला, "वस्ताद, बॉडीबिल्डिंगच्या गमतीजमती लिहा. दिवाळीला लोकांना हलकंफुलकं लागतं." म्हटलं, लिहितो. हलकंफुलकं आधी उरकून घेतो. कारण मला जे खरं सांगायचंय ते जड आहे, आणि ते सांगायला मी वीस वर्षं उशीर केलाय.

नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये माझी व्यायामशाळा होती. ब्याण्णवला सुरू केली, गुडघे गेले तेव्हा बंद केली. नोटांच्या प्रेसमधले कामगार पाळी सुटली की यायचे, रेल्वेतले यायचे, कॉलेजची पोरं यायची. पोरांना फक्त दंड पाहिजे असायचे. पायांचा व्यायाम सांगितला की म्हणायची, "पँटच्या आत कोण बघतंय, वस्ताद?" एक नवरदेव हळद लागायच्या पंधरा दिवस आधी आला आणि म्हणाला, छाती करून द्या. अरे, मी काय शिंपी आहे? तरी त्याला पंधरा दिवस दंड-बैठका काढायला लावल्या. लग्नात बिचाऱ्याला वरमाला घालायला हात वर करता येईनात. वधूपक्षाला वाटलं, मुलगा लाजतोय.

आता स्पर्धेचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, अंगाला तेल फासायचं आणि चड्डीवर उभं राहायचं, त्यात काय एवढं! तसं नसतं. स्पर्धा वजनी गटात होते. सकाळी काट्यावर उभं करतात, गटाच्या वर पावशेर भरलात तरी वरच्या गटात ढकलतात, आणि तिथे तुमच्याहून धिप्पाड गडी बसलेला असतो. संध्याकाळी स्टेज. तिथे नुसता मोठा दंड चालत नाही, कातडी कागदासारखी पातळ दिसावी लागते. आतली प्रत्येक रेघ पंचांना लांबून मोजता आली पाहिजे. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात खेळाडूचं मीठ बंद करायचं, मग पाणी कमी करायचं, मग पाणीही बंद. आमच्यात त्याला 'पाणी तोडणं' म्हणतात. कातडीखाली पाण्याचा थर असतो, तो गेला की कातडी स्नायूला चिकटते. हे सगळं आम्ही एकमेकांचं बघून शिकलो. डॉक्टरला विचारायची पद्धत नव्हती. डॉक्टर काय सांगणार? पाणी पी म्हणून सांगणार.

माझा एक पठ्ठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मामाकडे गेला आणि तर्री मारून मिसळ हाणून आला. मिठाने पाणी धरलं. सकाळी बघतो तर गडी मधमाश्या चावल्यासारखा सुजलेला! सहा महिन्यांची मेहनत एका बशीत गेली. वर मलाच म्हणाला, "वस्ताद, पंच विकले गेले होते." नाचता येईना, अंगण वाकडं.

तर पाणी किती राहिलंय हे ओळखायची माझी एक रीत होती. बेंबीशेजारची कातडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची, जाडी बघायची आणि सोडायची. तेवढ्यावर मी सांगायचो, "अजून एक दिवस," किंवा "झालं, आता तोंड ओलं करायला हरकत नाही." अंदाज चुकायचा नाही. जिल्ह्यात माझी चिमटी प्रसिद्ध होती. दुसऱ्या जिमची पोरं आपल्या वस्तादाची नजर चुकवून यायची आणि माझ्यापुढे बनियन वर करून उभी राहायची. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू?

झालं हलकंफुलकं. आता भास्कर.

भास्करची आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. बाप नांदगावकडून येऊन इथे स्थिरावला, त्याने टाकलेली. बाप-लेक दोघेही अवाढव्य. भास्कर तेव्हा बत्तिशीचा होता आणि गिरणीतल्या काट्यावर एकशे अठ्ठावीस भरायचा. बायको सुरेखा, पाच वर्षांची एक मुलगी. बाप वारला त्याच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी तो माझ्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. दारातून आत यायला लाजत होता.

"वस्ताद, मला बारीक व्हायचंय."

"किती?"

"खांदा देणाऱ्यांनी शिव्या घालू नये एवढं."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने सांगितलं. बापाची तिरडी वाटेत दोनदा खाली ठेवावी लागली होती. मागच्या खांदेकऱ्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याने जाताना गिरणी बरोबर घेतली का काय?" आणि बाकीचे हसू दाबत होते. भास्कर मडकं धरून पुढे चालत होता. त्याने ते ऐकलं होतं.

असा शिष्य मला परत मिळाला नाही. पहाटे पाचला चालायला निघायचा. सुरुवातीला वेशीपर्यंतही जाता यायचं नाही, वर्षभराने देवळालीपर्यंत जाऊन यायचा. दिवसभर गिरणीच्या तापात उभा, चहूकडे ताज्या पिठाचा वास, आणि हा पठ्ठ्या एक ज्वारीची भाकरी आणि अंड्याचा पांढरा भाग खाऊन राहायचा. गल्लीतल्या बायका दळण घ्यायला यायच्या आणि म्हणायच्या, "भास्करदादा, लय वाळले हो!" त्याला ते ऐकून बरं वाटायचं. अडीच वर्षांत एकशे अठ्ठावीसचा शहात्तर झाला. त्र्याहत्तरला आला तेव्हा पाठ अशी उघडली होती, मांड्या अशा भरल्या होत्या, की माझे जुने खेळाडू गुपचूप बघायचे.

फक्त एक होतं. भास्कर बनियन काढायचा नाही. घामाने चिंब झाला तरी नाही. एकदा सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "दाखव." त्याने बनियन काढलं आणि पँटचा पट्टा सैल केला. पोटाची कातडी पिशवीसारखी खाली आली. पन्नास किलो चरबी गेली होती, पण तिला गुंडाळलेली कातडी कुठे जाणार? रोज सकाळी तो ती गोळा करून पँटीत खोचायचा.

"सुरेखालापण बघू देत नाय," तो म्हणाला. "आधी जाडा म्हणून लाजायचो. आता बारीक झालो तरी लाज तीच हाय, वस्ताद."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटता वाटता माझ्या डोक्यात दुसरंच शिजायला लागलं. एकशे अठ्ठावीस किलोचा गिरणीवाला मी स्टेजवर उभा केला तर? जिल्ह्यात कुणी केलं नव्हतं. मी म्हटलं, "भास्कर, या हिवाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा खेळायची."

तो घाबरला. "आणि ही कातडी?"

"पाणी तोडलं की आवळते. सगळ्यांची आवळते."

"नक्की?"

"वस्ताद कोण, तू का मी?"

ती आवळत नसते. तिच्यात आवळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. त्यात मी गट निवडला सत्तर किलोचा, कारण पंचाहत्तरच्या गटात एक कसलेला खेळाडू होता. त्र्याहत्तरच्या भास्करला सत्तरवर आणायचं होतं. त्याच्या अंगावर नुसती मोकळी कातडीच दोन-अडीच किलोची असेल, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे मी ज्याला उतरवायची चरबी आणि पाणी समजत होतो, ते उतरण्यासारखं नव्हतंच.

शेवटचा आठवडा. मीठ बंद. चार दिवस आधी पाणी निम्म्यावर. मी रोज सकाळी चिमटी घ्यायचो. इतरांची कातडी दिवसागणिक पातळ लागते आणि सोडली की चटकन बसते. भास्करची जाडच लागायची, आणि सोडली तरी चिमटीच्या आकारात तशीच उभी राहायची. मला वाटलं, ढिली कातडी आहे, उभी राहणारच. आणि जाड लागते म्हणजे खाली पाणी आहे. मी म्हणायचो, "अजून आहे." आणि तो मान डोलवायचा. दोन दिवस आधी पाणी पूर्ण बंद केलं. वर रोज एक पाण्याची गोळी दिली, रक्तदाबाच्या पेशंटला लघवी होण्यासाठी देतात ती. आमच्यात बरेच जण द्यायचे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी सुरेखा वहिनी शेडच्या दाराशी आल्या. व्यायामशाळेत बायका येत नसत, त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

"भाऊ, ह्यांच्या ओठाला भेगा पडल्यात. सकाळपासून लघवीला पण गेले नाहीत. बोलताना जीभ अडकते."

"वहिनी, तयारी अशीच असते. उद्या संध्याकाळी पाहिजे तेवढं पाजा."

"एक घोट दिला तर नाही का चालणार?"

"अडीच वर्षांवर पाणी ओतायचं असलं तर द्या," मी म्हणालो.

त्या पदर तोंडाला लावून गेल्या. मी आत येऊन पोरांना म्हणालो, बायकांना कळत नाही यातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या एका सभागृहात वजन होतं. काटा सत्तरच्या थोडा वर. तासाभराची मुदत मिळाली. मी भास्करला दोन ब्लँकेटं गुंडाळून उन्हात बसवलं. दुसऱ्याला घाम फुटला असता, याला फुटेना. अंग कोरडं तापलेलं. शेवटी थुंकी काढून, केस कापून कसाबसा सत्तरवर बसवला. आत नेऊन चिमटी घेतली. जाड!

मला राग आला. दोन दिवस पाणी नाही, गोळ्या दिल्यात, आणि तरी जाड?

"भास्कर, चोरून पाणी प्यालास का?"

"नाय, वस्ताद."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"नाय पेलो. पोरीची शप्पथ." डोळे खोल गेले होते, बुबुळं नीट ठरत नव्हती.

माझा विश्वास बसला नाही. माझी चिमटी खोटं बोलेल हे मला पटेना, म्हणून मी माणसाला खोटं ठरवलं. आणखी एक गोळी दिली. बिनपाण्याची त्याला ती गिळता येईना, त्याने ती चावून खाल्ली.

संध्याकाळी सत्तरचा गट पुकारला. अंगाला तपकिरी रंग, त्यावर तेल, चड्डीला नंबर लावलेला, आणि चड्डीच्या वर ती कातडी दोन घड्या होऊन बसलेली. पाठ दाखवायची पोझ आली तेव्हा लोक खरोखर ओरडले. काय पाठ होती! माझ्या अंगावर काटा आला. मग पंचांनी समोरून वाकून करायची पोझ मागितली. भास्कर वाकला आणि कातडी पुढे लोंबली. दिव्यांच्या उजेडात मागच्या लोकांना वाटलं, याने अंगात काहीतरी घातलंय. वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं, "ए, बनियन काढ की!" आणि सगळं सभागृह हसलं. पंचसुद्धा खाली बघून हसले.

भास्करने पोझ सोडली नाही. पुढच्या पोझेस सगळ्या केल्या, शेवटचीसुद्धा. पहिल्या सहांत त्याला घेतलं नाही. पंचांना नमस्कार करून तो पडद्यामागे आला, मला म्हणाला, "वस्ताद, आवळली नाय ओ," आणि त्याच्या पायात पेटके यायला लागले. पायातून पोटात, पोटातून हातांत. बोटं वाकडी झाली. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर पाणी ओठावरून बाहेर आलं. तो शुद्धीवर नव्हता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. अंगावरचा रंग बघून आधी त्यांना भाजल्याचा पेशंट वाटला. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, गोळ्या दोन सांगितल्या, होत्या तीन. त्यांनी भास्करच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली, चिमटी घेतली आणि सोडली. कातडी तिथेही उभीच राहिली.

"ही बघा," त्या म्हणाल्या. "याला आम्ही शरीर वाळल्याचं लक्षण म्हणतो. तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, ढिली कातडी आहे..."

"पोटाची ढिली असेल. इथली आहे का ढिली?"

नव्हती. मी आठ दिवस पोट सोडून कुठेही हात लावला नव्हता. माझी रीतच तशी होती. सकाळी ज्या चिमटीवरून मी त्याला चोर ठरवलं, तीच चिमटी सांगत होती की याच्या अंगात थेंब राहिलेला नाही. मी रोज ते हातात धरलं आणि रोज उलटं वाचलं.

भास्कर वाचला, पण दोन्ही किडन्या गेल्या. जाड असताना रक्तदाब होता, त्याचा मार आधीच बसला होता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य जपून ठेवलं. कुणी विचारलं की तेच सांगायचो, आधीपासूनच होतं हो त्याला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, चार-चार तास. आणि अशा पेशंटला पाणी मोजून मिळतं, कारण प्यालेलं बाहेर पडायची सोय नसते. दिवसाला दोन-तीन पेले, औषधाच्या गोळीबरोबरचं पाणीसुद्धा त्यातच धरायचं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा.

गुरुवारच्या खेपेला मी त्याच्याबरोबर जायचो. तीन वर्षं गेलो. लोक म्हणायचे, वस्ताद असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

एका गुरुवारी मशीन चालू होतं, वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. भास्कर छताकडे बघत म्हणाला, "वस्ताद, एक सांगायचंय. रागवू नका."

"बोल ना."

"मी त्या दिवशी खोटं बोललो. वजनाच्या आधी चूळ भरायला गेलो, तेव्हा दोन घोट पोटात घेतले. राहवलंच नाय. पोरीची खोटी शप्पथ खाल्ली. तीन वर्षं मनात हाय. त्या दोन घोटांमुळेच कातडी आवळली नाय ना? तुमचं नाव घालवलं मी. आणि हे जे झालं, तेपण खोट्या शपथेचंच..."

एका वाक्याचं काम होतं. अरे येड्या, त्या दोन घोटांनी काही बिघडलं नाही. घोटभर काय, घागरभर प्यायला असतास तर आज गिरणीत असतास. चूक माझी होती, मला वाचता आलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, गोळ्यांचं, दारात आलेल्या वहिनींचं, सगळं. तीन वर्षं जो चांगला वस्ताद म्हणून मिरवलो, तो मी उरलो नसतो.

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे भास्कर. मी माफ केलं तुला."

माफ केलं म्हणालो! त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लय हलकं वाटलं बघा," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात छातीत पाणी साठून तो गेला. माझं नाव घालवलं म्हणून माझी माफी घेऊन गेला.

त्यानंतरही मी काही वर्षं शेड चालवली. कुणाचं पाणी तोडलं नाही, कुणाला चिमटी घेतली नाही. पोरं दुसरीकडे गेली. गुडघ्यांचं कारण मी लोकांना सांगतो, ते अर्धंच खरं आहे.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी वहिनींकडे गेलो. गिरणी आता त्याच चालवतात, मुलीचं लग्न झालं. दुपारची वेळ, दळणाचे डबे ओळीने लागलेले. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. तिसरी गोळी, चिमटी, दोन घोट, आणि माफी. त्या पत्र्याच्या डब्यातलं धान्य हाताने सारखं करत ऐकत होत्या. मध्ये एकदाच थांबल्या, माफीपाशी.

"शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणत होते," त्या म्हणाल्या. "वस्तादांनी मोठ्या मनाने माफ केलं म्हणून."

मी हात जोडले. "वहिनी, माझं चुकलं."

"हे त्यांना सांगायला पाहिजे होतं, भाऊ. मला सांगून काय उपयोग?"

त्यांनी डबा उचलून गिरणीत ओतला आणि बटण दाबलं. गिरणी चालू झाली की तिथे बोललेलं काही ऐकू येत नाही. मी निघालो.